वरचे सहाशे ग्रॅम

ते पुस्तक रद्दीच्या गठ्ठ्यात घालताना तास्यानं दोनदा मागे वळून दाराकडे पाहिलं होतं. त्यामुळे 'नकळत झालं' असं म्हणायची सोय तिनं स्वतःसाठी ठेवली नव्हती. मागे वळून पाहणाऱ्याला आपण काय करतोय हे ठाऊक असतं.

त्या वर्षी सगळ्या चेर्निहिव गावाला रद्दीचं वेड लागलं होतं. वीस किलो जुना कागद नेऊन घातला की एक कुपन मिळायचं, आणि त्या कुपनावर एरवी दुकानात नजरेलाही न पडणारं एखादं पुस्तक विकत मिळायचं. मग काय विचारता! शहाणीसुरती माणसं शेजाऱ्यांच्या वर्तमानपत्रांवर डोळा ठेवू लागली. शाळेतले मास्तर जिन्याखालची खोकी उचकटू लागले. एकानं गठ्ठ्यात वीट घातली आणि पकडला गेला, तरी पुढच्या रविवारी गडी पुन्हा रांगेत हजर. एवढ्या मिनतवारीनं मिळवलेलं पुस्तक पुढे वाचत कोण होतं, हे मात्र विचारायचं नाही. ते काचेच्या कपाटात जायचं, सोनेरी अक्षरं बाहेर करून. पाहुण्यानं हात लावला तर घरधनीण म्हणायची, "सांभाळून हं, अजून उघडलेलं नाहीये."

तास्या एका कारखान्याच्या ऑफिसात यंत्रांचे नकाशे काढायची. तिचं पूर्ण नाव ताइसिया, पण त्या नावानं तिला फक्त हजेरीपट ओळखत होता. शेजारच्या टेबलावरच्या रिम्माकडे समुद्रसफरीची ती जाडजूड सोनेरी कादंबरी आली होती. समोरच्या दोघींकडेही आली होती. तास्याच्या कपाटात त्या जागी काचेची साखरदाणी ठेवलेली होती, आणि रिम्मा वाढदिवसाला आली तेव्हा त्या साखरदाणीकडे बघून गोड हसली होती. ते हसणं तास्याच्या मनात कुसळासारखं रुतून बसलं.

सप्टेंबरभर तिनं कागद गोळा केला. सासूबाईंनीही मदत केली. मेलानियाबाईंची नजर काचबिंदूनं गेली होती, उजेड आणि अंधार तेवढा कळायचा, पण हात शाबूत होते. त्यांनी बसल्या बसल्या पेपरांच्या घड्या घालून दिल्या, भिंतीवरच्या जुन्या कॅलेंडरची पानं दिली, आणि वर टोमणाही दिला.

"कागद देऊन कागद आणायचा. बरा धंदा आहे तुमचा."

"आई, पुस्तक म्हणजे कागद नव्हे."

"ते मला सांगतेस होय?"

शनिवारी सकाळी तास्यानं तीन गठ्ठे बांधले आणि घरातल्या ताणकाट्याला एकेक अडकवून तोलले. बेरीज आली एकोणीस किलो चारशे. सहाशे ग्रॅम कमी. नवरा पनास मासे धरायला देस्ना नदीवर गेला होता. त्याची मासेमारीची मासिकं घ्यावीत तर घरात महाभारत झालं असतं. मेलानियाबाई खाली बाकावर शेजारणींत बसल्या होत्या. तास्या घरभर फिरली आणि शेवटी सासूबाईंच्या खोलीत गेली. तिथं फळीवर, घडी घातलेल्या लोकरी शालीखाली, ते पुस्तक होतं.

पुस्तक म्हणायचं म्हणून म्हणायचं. पुढचं पुठ्ठ्याचं कव्हर नाही, मागचं नाही, नावाचं पान नाही, आणि शेवटची पानंही नाहीत. ती उंदरांनी खाल्ली असावीत असं तास्याला वाटायचं, कुणी कधी विचारलं नव्हतं. मीठ आणायला बैलगाड्या घेऊन दूर समुद्राकडे जाणाऱ्या माणसांची गोष्ट होती ती. सव्का नावाचा गाडीवान, त्याच्या सात गाड्या, एक लंगडा बैल, आणि गावात मागे राहिलेली त्याची बायको. दरवर्षी शरदात घरातले रेडिएटर पहिल्यांदा गरम झाले, नळ्यांतून ठकठक ऐकू आली, की मेलानियाबाई ते पुस्तक मांडीवर घ्यायच्या. डोळे होते तेव्हा वाचायच्या. डोळे गेले तरी घ्यायच्याच. पान चाचपायचं, ओठ हलवायचे, पान उलटायचं. अख्खं पाठ होतं त्यांना.

लग्न होऊन आली तेव्हा तास्यानं एकदा थट्टेनं विचारलं होतं, "आई, पुढे काय होणार ते तुम्हाला ठाऊक असतं, मग कंटाळा नाही येत?"

"तुझ्या आईच्या घरी जाताना रस्ता ठाऊक असतो ना तुला? मग कंटाळा येतो?"

तर त्या सकाळी तास्यानं ते पुस्तक ताणकाट्याला लावलं. बरोबर सहाशे ग्रॅम. काटा असा नेमका थांबला की जणू देवानंच होकार दिला. तिनं मनाशी हिशेब जुळवला: डोळे गेलेत, पाठ आहे, पुस्तकाचा तर नुसता चोथा राहिलाय, आणि रेडिएटर गरम व्हायला अजून तीन आठवडे आहेत. पाप करणाऱ्याचं गणित कधी चुकत नाही. तिनं पुस्तक तिसऱ्या गठ्ठ्याच्या पोटात घातलं, वरून सुतळी आवळली आणि पक्की गाठ मारली.

रद्दीच्या केंद्रावर चाळीस-पन्नास माणसांची रांग होती. तोलायला एक जाडजूड बाई होती, कानावर पेन्सिल आणि अंगात पुरुषी कोट. तिच्याबद्दल लोक नाही नाही ते बोलत, पण बाई वजनाला सच्ची होती, आणि तास्याचं नशीब तिथंच आडवं आलं.

"वीस किलो सहाशे," बाई म्हणाली. "घरचा काटा फसवतोय तुमचा. वरचे सहाशे परत न्यायचे असतील तर गठ्ठा सोडा, नाहीतर राहू द्या."

तास्याचा हात सुतळीकडे गेला. खरंच गेला. तिला पुढे कितीतरी दिवस तो हात आठवत राहिला. पण गाठ तिनंच आवळलेली, सुटेना. मागून कुणीतरी ओरडलं, "अहो बाई, रद्दीशी लग्न लागलंय का तुमचं? सरका पुढे!" लोक हसले. तास्याला शरम वाटली. पुस्तक चोरल्याची वाटायला हवी होती, ती वाटली रांग अडवल्याची.

"राहू द्या," ती म्हणाली, आणि कुपन घेऊन बाहेर पडली.

त्या वर्षी थंडी लवकर आली. तीन आठवडे कुठले, नवव्या दिवशी तास्या स्वयंपाकघरात बोर्श सुपासाठी बीट किसत होती आणि नळ्यांतून ठकठक सुरू झाली. तिचा हात थांबला. पलीकडच्या खोलीत फळीवर हात फिरल्याचा आवाज आला, शाल खाली पडल्याचा आवाज आला.

"तास्या, माझं पुस्तक दिसत नाहीये गं."

दिसत नाहीये! सहा वर्षं ज्या बाईला काही दिसलं नव्हतं ती म्हणत होती दिसत नाहीये. तास्याच्या हाताला बिटाचा लाल रस लागला होता, आणि तोंडातून जे बाहेर पडलं ते तिनं ठरवलेलं नव्हतं.

"बाइंडरकडे दिलंय, आई. पुठ्ठा घालायला. पानं फार सुटली होती."

मग मेलानियाबाई भिंतीला हात लावत लावत स्वयंपाकघराच्या दारात आल्या. तास्याला वाटलं, झालं, आता पकडलं. पण सासूबाईंचा चेहरा लहान मुलीसारखा झाला होता.

"तू दिलंस? स्वतःहून?"

"हो."

"छत्तीस वर्षांत कुणाच्या मनात आलं नाही, पोरी. माझ्या पोटच्या पोराच्यासुद्धा." त्या स्टुलावर बसल्या. "पण त्याला एक सांग हं, त्या बाइंडरला. शेवटी काही जोडायचं नाही. कुठून दुसरी प्रत आणून शेवटची पानं लावून देतात काही शहाणे. तसं नको."

"का बरं?"

आणि मग मेलानियाबाईंनी ते सांगितलं. लग्नाला चौदा वर्षं झाली होती, सून म्हणून त्यांचं तास्यावर प्रेम नव्हतं असं नाही, पण हे त्यांनी कधी सांगितलं नव्हतं. आज सांगितलं, कारण सुनेनं पुस्तक बाइंडरकडे दिलं होतं.

एकेचाळीस सालच्या ऑगस्टात त्यांच्या नवऱ्याला, तेरेंतीला, लढाईवर बोलावलं. माणसं एका शाळेच्या अंगणात जमवली आणि गाडी येईना. तीन दिवस सगळे तिथंच बसून होते, बायकाही कुंपणाशी. मेलानियाबाईंच्या पिशवीत हे पुस्तक होतं. तेरेंतीचं ते दोनदा वाचून झालं होतं, त्यानंच आग्रहानं यांना वाचायला दिलं होतं, आणि त्या निम्म्यावर आल्या होत्या. तेरेंतीकडे तंबाखू होती पण विडी वळायला कागद नव्हता. आजूबाजूच्या कुणाकडेच नव्हता. मग त्यानं पुस्तक मागच्या बाजूनं उघडलं आणि शेवटचं पान टर्रकन फाडलं.

"मी अशी ओरडले त्याच्यावर! म्हटलं, अरे मेल्या, मी वाचतेय ना ते! तर म्हणतो कसा, 'तू अजून मध्यावर आहेस. शेवट मला पाठ आहे. आलो की सांगतो.' तीन दिवस तो आणि त्याचे ते मित्र शेवट ओढत बसले. धुराचा नुसता ढग. मी कुंपणापलीकडून म्हणाले, निदान एवढं तरी सांग, सव्का घरी पोचतो का? तर हसला. म्हणाला, 'आत्ता सांगितलं तर माझी वाट कशाला बघशील?'"

"मग?"

"मग गाडी आली." मेलानियाबाईंनी पदरासारखं अॅप्रनचं टोक हातात धरलं होतं, ते सोडलं. "मेल्याचा कागद कधी आला नाही. 'बेपत्ता' असा आला. बेपत्ता म्हणजे मेला नव्हे. लायब्ररीत ते पुस्तक आहे, मला ठाऊक होतं. कितीदा जाऊन दारातून परत आले. शेवट दुसऱ्या कुणाकडून कळला, की त्याच्याकडे मला सांगायला काही उरणार नाही. मग तो येईल तरी कशाला?" आणि मग लाजून हसल्या. "म्हातारीचं खूळ. पण छत्तीस वर्षं दर हिवाळ्यात त्या जागेपर्यंत जाते आणि थांबते. वाचताना तो कुंपणाशी असतो."

बोर्श त्या दिवशी करपला. पनास म्हणाला, "बायको, आज बीट जाळून घातलंस की काय?" तास्या करपलेलं भांडं घासत राहिली. तिला रडायलाही लाज वाटत होती, कारण रडलं तर सासूबाई विचारतील आणि पुन्हा एक खोटं बोलावं लागेल.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून अर्धी सुट्टी घेऊन ती रद्दीच्या केंद्रावर धावली. कोटवाली बाई सूर्यफुलाच्या बिया सोलत बसली होती.

"मागच्या महिन्याचा माल? दर मंगळवारी ट्रक जातो. तुमच्या कागदाचा आतापर्यंत पुन्हा कागद झाला असेल. नशीब असेल तर तुमच्या हातातच येईल, बघा." मग तिनं तास्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि बिया खाली ठेवल्या. "काय होतं त्यात?"

"पुस्तक होतं. सासूबाईंचं."

"ते वरचे सहाशे तुम्हीच ना?" बाईनं विचारलं. "सोडा म्हटलं होतं मी."

"म्हटलं होतंत," तास्या म्हणाली.

घरी रोज एकच विषय. बाइंडरचं झालं का? चांगला माणूस आहे ना? घाई करू नको त्याला, घाईत काम बिघडतं. शेजारणी आल्या तर मेलानियाबाई त्यांना सांगायच्या, "आमच्या सुनेनं माझं पुस्तक बांधायला दिलंय," आणि शेजारणी आपापल्या सुनांची उणीदुणी काढायच्या. तास्याच्या नावाचा अख्ख्या बाकावर उदोउदो चालला होता. चोराला हार घालून गावातून मिरवावं तशी तिची गत झाली.

शेवटी एक वाट सापडली. ऑफिसात रिम्मा कुरकुरत होती की या खेपेला तिला भलतंच कुपन मिळालं. "मीठवाल्यांची कादंबरी! सव्का आणि त्याचे बैल! पाहुण्यांना काय दाखवू, बैल?"

तास्यानं आपलं समुद्रसफरीचं कुपन तिच्या टेबलावर ठेवलं. "हे घे. तुझ्याकडे आहे, पण याच्या बदल्यात कुणीही हवं ते देईल. ते मला दे."

रिम्मानं आधी कुपनाकडे पाहिलं, मग तास्याच्या कपाळाला हात लावला. "ताप नाही. मग डोकं फिरलंय का तुझं? वर्षभर याच्यासाठी जीव टाकत होतीस!"

"सासूबाईंना हवंय."

"तुझ्यासारखी सून बघितली नाही बाई," रिम्मा म्हणाली, आणि तास्या तोंड फिरवून नकाशावर वाकली.

नवं पुस्तक गुळगुळीत होतं, मुखपृष्ठावर बैलगाड्यांची रांग. ते आणलं खरं, पण त्याला पूर्ण शेवट होता. तो कापायचा तर कुठून कापायचा? जुन्या पुस्तकाचं शेवटचं पान कुठलं होतं ते एकट्या मेलानियाबाईंना ठाऊक. म्हणून तास्या त्या संध्याकाळी त्यांच्या खोलीच्या दारात उभी राहिली आणि शक्य तितक्या सहज आवाजात म्हणाली, "आई, बाइंडर विचारतोय, शेवटचं पान कुठलं? सुटी पानं झालीत, क्रम लावायचाय."

मेलानियाबाई क्षणभरही थांबल्या नाहीत. "'बर्फाच्या कडेला बैल थांबले. नदीपलीकडे, टेकडीखाली, एकाच खिडकीत दिवा होता. सव्कानं टोपी काढली आणि.' इथं संपतं. 'आणि'वर." त्यांनी ते 'आणि' असं म्हटलं की तास्याला पुढे काहीतरी येणार असं वाटून ती उगाच थांबून राहिली.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ती रिकाम्या ऑफिसात पुस्तक घेऊन बसली. 'आणि' सापडलं. पान तिथंच संपत नव्हतं, वाक्य पुढे चालू होतं, आणि माणसाची नजर 'आणि'शी थांबत नाही. तिनं उरलेली अठ्ठावीस पानं एका बैठकीत वाचून काढली. सव्का बर्फावर उतरतो, मध्यावर लंगडा बैल अडतो, सव्का त्याला सोडून देत नाही, खांदा लावतो, पहाटेला पलीकडे पोचतो. बायको दार उघडते, आणि एवढंच म्हणते, "पाय झाड, मी आत्ताच झाडलंय." पोचतो. घरी पोचतो. तास्याला हुंदका आला. छत्तीस वर्षं एक बाई ज्या दाराशी उभी होती ते दार आतून उघडं होतं, आणि ते आता तिला, एका पुस्तकचोराला, कळलं होतं.

मग तिनं पोलादी पट्टी लावून, नकाशे कापायच्या पात्यानं पानं कापली. 'आणि'च्या पुढच्या ओळी काळ्या शाईनं भरून टाकल्या, ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी कशाला, हेही तिला तेव्हा सुचलं नाही. कव्हर फाडलं, कडा सँडपेपरनं घासल्या, कोपरे वाकवले, जुन्या पडद्याचं जाड कापड चिकटवून बांधणी केली. कापलेली पानं मात्र फेकवेनात. ती तिनं पर्समध्ये ठेवली.

शनिवारी दुपारी पनास नदीवर गेल्यावर तिनं पुस्तक सासूबाईंच्या मांडीवर ठेवलं.

"आलं का!" मेलानियाबाईंनी दोन्ही हात पुसले. कापडावरून तळवा फिरवला, "छान जाड घातलंय," म्हणाल्या. पुस्तक उघडलं. एक पान चाचपलं, दुसरं चाचपलं. मग मधलंच कुठलं तरी. अंगठा पानाच्या उजव्या कोपऱ्यावर आला आणि तिथंच राहिला. जुन्या पुस्तकात छत्तीस हिवाळे त्यांनी ज्या जागी अंगठा टेकला होता तिथला कागद झिजून मऊसूत झालेला होता. सँडपेपरला ते कुठलं जमायला?

"तास्या," त्या अगदी हळू म्हणाल्या, "हे कुणाचं पुस्तक आहे?"

तास्या जमिनीवर बसली आणि सगळं सांगून टाकलं. ताणकाटा, शाल, सुतळी, रांग, बाई म्हणाली होती ते, आपण काय म्हणालो ते. बाइंडर नव्हताच हेही. रिम्मा साखरदाणीकडे बघून हसली तिथपासून सांगितलं, आणि सांगताना तिला कळत होतं की कारण किती फडतूस आहे.

मेलानियाबाईंनी मध्ये एकदाच विचारलं. "म्हणजे ते सहाशे ग्रॅम लागलेच नाहीत?"

"नाही, आई."

"हं."

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. हात उगारला असता तरी चाललं असतं. त्या नुसत्या बसून राहिल्या, मांडीवर परक्याचं पुस्तक घेऊन, आणि डोळ्यांतून पाणी येत होतं ते त्यांनी पुसलं नाही. मग म्हणाल्या, "त्याचा हात लागला होता गं त्याला. दुसरं काही नव्हतं माझ्याकडे त्याच्या हातचं."

तास्यानं उठून फळीवरची शाल त्यांच्या खांद्यांवर घातली.

"तू वाचलास? शेवट?"

"वाचला."

"मग वाचून दाखव."

"आई, तुम्ही तर..."

"कुणासाठी राखू आता? ज्या पुस्तकावर तो परत येणार होता तेच गेलं. अडुसष्टावं चाललंय मला. वाच."

तास्यानं पर्समधून पानं काढली. शाईखाली गेलेल्या ओळी आठवून म्हटल्या, आणि आवाज फुटत होता तरी पानं वाचली, अठ्ठावीसच्या अठ्ठावीस. टोपी, बर्फ, बैल, खांदा, पहाट, दार. "पाय झाड, मी आत्ताच झाडलंय" हे वाक्य तिनं दोनदा वाचलं, कारण पहिल्यांदा रडण्यात गेलं. मेलानियाबाई खिडकीच्या उजेडाकडे तोंड करून ऐकत होत्या. वाचून संपल्यावर त्यांनी हात पुढे केला, तास्याचं डोकं शोधलं आणि केसांवरून हात फिरवला.

"म्हणजे पोचतो."

"पोचतो, आई!"

"मनानं गोड आहेस तू. वाईट नाहीस. त्या दाराचं छान जुळवलंस."

तास्याला आधी उमजलं नाही. मग तिनं पानं त्यांच्यापुढे धरली. "आई, मी जुळवलं नाही! हे छापलेलं आहे. हे बघा, ही पानं, हात लावून बघा."

मेलानियाबाईंनी पानं हातात घेतली, बोटांनी चाचपली, नीट एकावर एक लावली आणि परत दिली. "छापलेलं असेल. काय छापलंय ते बोटांना कसं कळायचं?"

"पनास आला की त्याला वाचायला सांगते. शेजारच्या कुणालाही बोलावते. शपथ घेते, आई, माझ्या जिवाची..."

"शपथा घालू नकोस. आणि कुणाला बोलावूही नकोस. तू त्यांना आधी सांगशील काय वाचायचं ते. मला बरं वाटावं म्हणून." आवाजात राग नव्हता, तोच तर घाव होता. "बाइंडरवर मी विश्वास ठेवला, पोरी. आख्ख्या बाकाला सांगत सुटले. तेवढाच होता माझ्याजवळ, तो सगळा दिला तुला. आता दुसरा कुठून आणू?"

रेडिएटरमध्ये पाणी फिरल्याचा आवाज आला. मेलानियाबाईंनी नवं पुस्तक चाचपून पहिल्या पानावर उघडलं आणि तास्याच्या पुढ्यात सरकवलं.

"तुझा शेवट ऐकला मी. त्याचा राहिलाय. उद्यापासून पहिल्या पानापासून वाचायला लाग. रोज थोडं. मला पाठ आहे, चुकलीस तर सांगेन. आणि बर्फाच्या कडेला आलीस की थांबायचं. दर वर्षी तिथंच थांबायचं."

"थांबेन," तास्या म्हणाली.

सव्का घरी पोचतो हे त्या घरात एकट्या तिलाच ठाऊक होतं, आणि तिचं खरं मानणारं तिथं आता कुणी नव्हतं.